यादीतला दुसरा लेखक

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. सोलापुरातल्या एका दैनिकात मी बावीस वर्षं उपसंपादक होतो. भुताखेताची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला — प्रत्यक्ष पाहिलं कुणी? उत्तर नसेल तर कागद टोपलीत. इथे पाहणारा मीच आहे, म्हणून लिहितो.

घर शहरातल्या जुळे सोलापूर भागात. मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. माझा ब्लॉग ज्या प्लॅटफॉर्मवर होता तो बंद होणार होता. एकशे चाळीस लेख नव्या ठिकाणी हलवायचे होते. पुतणी ऋतुजा लॅपटॉप घेऊन बसली. जुन्या ब्लॉगची फाइल तिने उतरवली, नव्या प्लॅटफॉर्मवर चढवली. तिथे एक यादी येते — कोणत्या लेखकाच्या नावावर किती लेख.

"काका, हा दुसरा लेखक कोण ओ? तुमच्या ब्लॉगात पोटभाडेकरू आहे की!"

माझ्या नावावर एकशे एकोणचाळीस. एक लेख, 'विहिरीच्या तळाशी', दुसऱ्या नावावर — 'सिद्राम, वळसंग'.

सिद्राम आमचा वळसंगचा वार्ताहर. बातमीचं पाकीट तो एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, ते आम्ही स्टँडवरून आणवायचो. विहिरी खणणाऱ्या मजुरांवर त्याने एकदा अकरा पानं पाठवली. पाच दिवस तो त्यांच्याबरोबर विहिरीत उतरला होता. मी भाषा नीट केली, शेवटची ओळ — 'सिद्राम, वळसंग' — लाल पेनाने कापली आणि वर माझं नाव टाकलं. गावच्या वार्ताहराचं नाव छापायची पद्धत नव्हती, हे खरं. त्या जागी माझं छापायचीही नव्हती. लेखाला बक्षीस मिळालं. पुढे ब्लॉग सुरू केला तेव्हा पहिला लेख तोच.

लेख छापून आल्यावर सिद्राम ऑफिसात आला होता.

"साहेब, नाव तर टाकायचं की. घरात दाखवलो असतो."

"पुढच्या वेळी."

"व्हय," म्हणाला. नंतर नऊ वर्षं पाकिटं पाठवत राहिला, विषय पुन्हा काढला नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मातीला मी गेलो नाही.

ऋतुजाने फाइल उघडून 'सिद्राम' शोधलं. निकाल शून्य. असणार कसा... ती ओळ मी कधी टाइपच केली नव्हती. कापलेला कागद केव्हाच रद्दीत गेला होता. तिने सगळं पुसून फाइल पुन्हा चढवली. तेच नाव. तिसऱ्यांदा माझ्या कॉम्प्युटरवरून — तेच.

"काका, माणूस खरा आहे का हा?"

"होता."

"मग लेख त्याचा का तुमचा?"

यादीतच नाव बदलायची सोय होती. एका क्लिकचं काम.

"बदलू?"

"राहू दे. नंतर बघू."

नवा ब्लॉग अजून खुला केला नव्हता. पासवर्ड आम्हा दोघांकडेच.

बुधवारी सकाळी फोन आला.

"साहेब, शिद्रामची मंडळी बोलतीया, वळसंगहून. लेकीनं मोबाइलवर ती विहिरीची बातमी वाचून दाखविली. ह्यांचं नाव हाय की वो त्यात! तुमी ध्यानात ठिवून टाकलासा... लई उपकार झाले बगा."

कुठे वाचलं, कोणत्या पत्त्यावर, केव्हा — विचारायला हवं होतं. बावीस वर्षं तेच तर करत होतो. मी म्हणालो, "हो. राहून गेलं होतं."

फोन ठेवून पासवर्ड टाकून नवा ब्लॉग उघडला. बाकीच्यांसाठी तो अजून बंदच होता. भेटींचा आकडा शून्य.

फाइलमध्ये नसलेलं नाव यादीत कुठून आलं, बंद ब्लॉग वळसंगात कसा वाचला गेला — ऋतुजाला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. खात्रीने एवढंच सांगतो — ते नाव मी टाकलं नव्हतं. त्याचंही श्रेय मी घेतलं.