ठणठणीत माणसाला कार्ड

चांगुणाबाई पासष्ट पूर्ण करून अंगणवाडीतून निवृत्त झाल्या तेव्हा गावातल्या बायकांनी त्यांना साडी नेसवली आणि पुरुषांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बत्तीस वर्षं त्यांनी गावची लेकरं सांभाळली होती. आता मिशांना पीळ देत फिरणारे निम्मे बाप्ये त्यांच्याच सतरंजीवर नाक पुसत मोठे झाले होते. कोण खिचडीतले शेंगदाणे वेचून खिशात भरायचा, कोण रडून रडून आईचा पदर सोडायचा नाही, हे बाईंना नावानिशी आठवायचं. ग्रामसभेत कुणी फार ताठ्यात बोलायला लागला की त्या मागच्या रांगेतून त्यातलं एखादं हळूच बोलून दाखवायच्या. मग बोलणारा खाली बसायचा.

आता हातांना काम राहिलं नव्हतं. सून करुणा कळमनुरीच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीत घरी बसून शुभेच्छापत्रं बनवायची. त्यासाठी तिनं एक हाताने फिरवायचं यंत्र मागवलं होतं. दोन पाट्यांच्या मधे कागद आणि त्यावर पत्र्याचा पातळ धारदार साचा, म्हणजे डाय, ठेवायची, दांडा फिरवायचा, की पलीकडून कागदाचं फूल नाहीतर पान कातरून बाहेर यायचं. रसवंतीचा चरकच, फक्त ऊस नाही. चांगुणाबाईंनी आठ दिवस लांबून पाहिलं, नवव्या दिवशी करुणा शाळेत गेल्यावर दांड्याला हात घातला. संध्याकाळी करुणा आली तर जुन्या लग्नपत्रिकांची एकशे चाळीस फुलपाखरं सोप्यात पसरली होती.

सुनेनं कपाळाला हात लावला नाही, शिकवायला घेतलं. चित्र उमटवायच्या रबरी ठशाला साधी स्टॅम्पपॅडची शाई चालत नाही, वरून मार्कर फिरवला की ती फरफटते आणि अस्वलाचं तोंड काळं होतं, हे बाईंना तीन अस्वलं वाया घालवल्यावर कळलं. मग वेगळी शाई आली. रंग भरताना आधी फिक्का मार्कर सगळीकडे फिरवायचा, तो ओला असतानाच कडेला गडद लावायचा आणि पुन्हा फिक्क्यानं दोघांची शीव पुसून टाकायची. हे त्यांना फार आवडलं. करुणाच्या विकतच्या ठशांत नुसते फुगे आणि अस्वलं होती. बाईंचं त्यावर भागेना. त्यांनी खोडरबर आणले आणि ब्लेडनं त्यावर स्वतःचे ठसे कोरायला घेतले. कोंबडी, घागर, एसटी, भाकरी थापणारी बाई.

बघता बघता दुपारी चारपाच जणी जमू लागल्या. तांड्यावरची पंचफुला यायची, तिला आरशाच्या भरतकामाची सवय, त्यामुळे चमकी ती मुठीनं टाकायची. शेजारच्या मंजुळाबाई यायच्या. घरात पाय ठेवायला जागा उरेना. चांगुणाबाईंचा लेक प्रेमानंद हिंगोलीच्या डेपोत कंडक्टर होता. एक दिवस त्याच्या खाकी शर्टावर इतकी चमकी गेली की कळमनुरीपर्यंत प्रवासी तिकीट घ्यायचं सोडून त्याच्याकडेच बघत बसले. त्यानं घरी येऊन शांतपणे सांगितलं, की आई, एक तर हे यंत्र घरात राहील नाहीतर मी.

खोली शोधणं आलं. गावात एकच रिकामी खोली होती, दूध सोसायटीची. सोसायटी बंद पडून सहा वर्षं झाली, पण तिचे शेवटचे अध्यक्ष उकंडराव, म्हणजे मंजुळाबाईंचे मालक, खोलीची किल्ली अजून करदोड्याला बांधून फिरत. अंघोळीलाही सोडत नसत. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त काही मागितलं की त्यांची तब्येत बिघडायची. चांगुणाबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांची पाठ धरली होती. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा बीपी वाढलं होतं. तिसऱ्यांदा त्या उंबऱ्यात दिसल्याबरोबर उकंडरावांना चक्कर आली, आणि चक्कर येण्याआधी त्यांनी हातातला भजीचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, हे बाईंनी पाहिलं.

बत्तीस वर्षांत बाईंनी खोट्या पोटदुख्या काही कमी पाहिल्या नव्हत्या. घरी येताना त्या स्वतःशीच हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्यातला मोठा खोडरबर घेतला आणि त्यावर एक बैल कोरला. बैल खाटल्यावर उताणा पडलेला, कपाळावर ओल्या फडक्याची घडी, तोंडात थर्मामीटर, आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना वर वळलेल्या झुपकेदार मिशा. जाड कागदावर ठसा उमटवला. बैलाला फिकट तपकिरी रंग दिला, पोटाखाली गडद, गालांवर तापाची लाली. डाय लावून औषधाची बाटली कातरली आणि उशाशी चिकटवली. वर रंगीत अक्षरांत लिहिलं, ‘लवकर बरे व्हा’. आत लिहिलं, ‘आपल्या तब्येतीची आम्हा सर्वांना काळजी आहे. आपले हितचिंतक.’ पाकीटही घरीच केलं. गावात टाकलं तर कुणी टाकलं ते कळेल म्हणून प्रेमानंदला ते हिंगोलीच्या पोस्टात टाकायला दिलं. करुणानं विचारलं, की आत्या, हे कुणासाठी? बाई म्हणाल्या, आजारी माणसासाठी.

त्यांचा बेत एवढाच होता. उकंडरावांनी कार्ड उघडावं, मनातल्या मनात ओशाळावं आणि किल्ली पाठवून द्यावी. पण पाकीट चिकटवायला त्यांनी अंगणवाडीतल्या सवयीनं गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती. ती वाळून सुटली. गावचा पोस्टमन खेमा याच्या हातात पाकीट पडलं ते आ वासूनच. खेमानं स्वतःहून उघडलं नाही, एवढं खरं. पण उघडंच आहे तर बघायला काय हरकत, म्हणून त्यानं चहाच्या हॉटेलात थांबून बघितलं आणि शेजारी बसलेल्या तिघांनाही दाखवलं. पाकिटावर शिक्का हिंगोलीचा. हिंगोलीहून तब्येतीची काळजी करणारा कागद आला म्हणजे तो दवाखान्यातूनच आला असणार, असा एकानं तर्क काढला. दुसरा म्हणाला, तरीच मागच्या महिन्यात उकंडराव हिंगोलीला दोनदा जाऊन आले. ते हळद घेऊन गेले होते, पण हे कुणाला आठवलं नाही.

कार्ड घरी पोचायच्या आत पहिली मंडळी भेटायला येऊन बसली.

उकंडराव गोठ्यातून धारा काढून येत होते. मला काय झालंय, असं त्यांनी विचारलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माणसाला स्वतःला सांगितलेलं नाही, असा त्याचा अर्थ निघाला. तेवढ्यात खेमानं कार्ड आणून दिलं. उकंडरावांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. बैल त्यांना फार आवडला. खाटल्याच्या सुंभाचा पीळसुद्धा काढलाय, असं म्हणून त्यांनी ते देवळीत उभं करून ठेवलं. मिशांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मंजुळाबाईंचं गेलं. त्या चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून चुलीपाशी बसून राहिल्या.

दिवसभर माणसं येत राहिली. कुणी मोसंबी आणली, कुणी बिस्किटाचे पुडे. जो तो म्हणे, चेहरा उतरलाय. दुपारपर्यंत उकंडराव नाही नाही म्हणत होते. तिसऱ्या प्रहरी त्यांनी हळूच स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर खाटलं टाकून पडले. तिसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली. चार वर्षांत ती फिरकली नव्हती, पण भावाचं ऐकून धावत आली, पायाशी बसून रडली आणि गव्हाची खीर करून घातली. उकंडरावांचा आवाज आता बारीक झाला होता. पाणी मागायचं तर ते नुसतं बोट वर करत. आलेल्यांना ते जुन्या गोष्टी सांगत, आणि आजारी माणसाच्या म्हणून लोक त्या शेवटपर्यंत ऐकून घेत. असं सुख त्यांना अध्यक्ष असतानाही मिळालं नव्हतं.

इकडे चांगुणाबाईंची गंमत पार गळून गेली होती. दांडा फिरवताना त्यांचं लक्ष लागत नव्हतं. एका कार्डावर त्यांनी निळी कोंबडी रंगवली. चौथ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई आल्या, त्या हसत नव्हत्या.

“बाई, ते कार्ड तुमचंच ना?”

चांगुणाबाईंनी यंत्राचा दांडा सोडला.

“मिशा वळखल्या मी तवाच. हसून घेतलं. पण आता तीन किलो साखर सरली, धारा मीच काढून राहिले, वैरण मीच टाकून राहिले, अन् ते खाटल्यावरून बोट वर करून राहिले. तुमीच निजवलं त्यांना, आता तुमीच उठवा.”

मागणं रास्त होतं. चांगुणाबाईंनी थोडा वेळ मागून घेतला, तोंड धुतलं, इस्त्रीची साडी नेसली आणि आजाऱ्याला भेटायला निघाल्या. वाटेत त्या वैजनाथच्या दारात थांबल्या. वैजनाथ हा उकंडरावांचा चुलतभाऊ. दोघांचा बांध एक, आणि म्हणून दोघांचं कशातच एक नव्हतं. सोसायटीचं अध्यक्षपद उकंडरावांनी त्याच्या हातून एका मतानं काढून घेतलं होतं. चला, तुमच्या भावाला बघून येऊ, असं बाई त्याला म्हणाल्या. वैजनाथ अजून गेला नव्हता. लोक नावं ठेवतील म्हणून तो टोपी घालून निघाला.

ओसरीवर दहाबारा माणसं होती. बहीण वारा घालत होती. उकंडरावांनी बाईंच्या जयभीमला उत्तर म्हणून दोन बोटं उचलली. चांगुणाबाईंनी त्यांची नाडी धरली, जीभ बाहेर काढायला लावली, जशी त्या लेकरांची बघायच्या. मग त्यांची नजर कमरेकडे गेली आणि त्यांनी तोंड गंभीर केलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, की अशा अवस्थेत माणसाच्या डोक्याला कशाचाही भार नको. ही एवढी मोठी लोखंडी किल्ली कुशीवर वळलं की टोचत असणार. घरचा माणूस समोर उभा आहे. उकंडरावांना आराम पडेपर्यंत किल्ली वैजनाथरावांनी सांभाळावी.

जमलेल्यांना ते पटलं. बहिणीला तर इतकं पटलं की ती करदोड्याची गाठ सोडायला वाकली. वैजनाथनं हात पुढे केला.

उकंडराव उठून बसले. नुसते बसले नाहीत, खाटल्यावरून खाली उतरून दोन पायांवर उभे राहिले आणि बहिणीच्या हातातून करदोडा ओढून घेतला. आवाज जागच्या जागी परत आला होता.

“वैजनाथा, हात मागं घे. मला काय धाड भरली? ठणठणीत हाय मी.”

“खरं का?” चांगुणाबाईंनी विचारलं. “पाठ?”

“पाठीला काय झालं?”

“बीपी? चक्कर?”

“कायी न्हाई म्हनलं ना. सगळं बराबर हाय.”

“मग खोली कवा उघडू?”

 उकंडरावांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा वैजनाथकडे. वैजनाथचा हात अजून पुढेच होता. बहुधा त्या हातानंच निकाल लावला. उकंडरावांनी नखानं गाठ सोडली आणि किल्ली चांगुणाबाईंच्या हातावर ठेवली. ठेवताना ते वैजनाथला ऐकू जाईल असं म्हणाले, की बायामाणसांच्या कामाला आपण कधी आडवे गेलो नाही.

खोलीत दुधाचे सहा कॅन, एक मोडका तराजू आणि पालींचं मोठं कुटुंब निघालं. धुऊन काढल्यावर दूध मोजायचा शहाबादी ओटा यंत्राला नेमका पुरला. बुद्धपौर्णिमेला आणि राखीला कार्डं जाऊ लागली, पंचफुलाच्या चमकीची तांड्यांतून खास मागणी येऊ लागली. प्रेमानंदचे शर्ट स्वच्छ झाले.

पाचसहा महिन्यांनी एका दुपारी उकंडराव खोलीत आले. कॅन मागायला आले होते. दारातच थबकले. पंचफुलाला काही ठाऊक नव्हतं. तिला हाताला लागेल तो ठसा उमटवायची सवय, आणि तिनं नेमका तोच बैल ओळीनं आठ वेळा उमटवून ठेवला होता. आठ बैल, आठ खाटली, सोळा मिशा. उकंडरावांनी कागद उचलला. त्यांचा हात सावकाश आपल्या मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. मंजुळाबाईंनी मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. चांगुणाबाईंनी कागद नसतानाच यंत्राचा दांडा फिरवला.

“शिंगं बारीक काढली,” उकंडराव म्हणाले.

ते ओट्यावर टेकले. कॅनचं काही बोलले नाहीत. बराच वेळ मार्कर रंगाप्रमाणे लावत बसले, मग मोडत. बायका पुन्हा कामाला लागल्या तेव्हा बाईंना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यांनी सांगितलं, की बहीण आता महिन्याला येते. सिद्धेश्वरच्या धरणाजवळ त्यांचा एक जुना दोस्त राहतो, ग्यानोबा. मासे धरायचा, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून जाळं सोडलंय. पोरं पुण्याला आहेत.

“त्याला एक पाठवता का?” ते म्हणाले. “त्यो बी ठणठणीत हाय. पन तिकडं कोनी जातच न्हाई.”

चांगुणाबाईंनी डब्यातून कोरा खोडरबर काढला, ब्लेडची धार अंगठ्यावर बघितली आणि विचारलं, “मिशा हायत का त्यांना?”