अप्पांचं पथ्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्ही अप्पांना ओळखत नव्हता, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतेय.

अप्पा म्हणजे माझे वडील. बँकेच्या नोकरीत उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. रविवारी सकाळी मला स्कूटरवर पुढे उभं करून टावर चौकात न्यायचे. पोहे, वर शेव, सोबत गरम जलेबी — इथे जिलबी म्हणतं कोण? आईला कळू नये म्हणून माझी पाकाची बोटं रुमालाने पुसायचे आणि घरी पोचताच स्वतःच सगळं सांगून टाकायचे! काय माणूस होता...

आई गेल्यावर ते इथल्याच फ्रीगंज भागात माझ्याकडे राहायला आले. मग खोकला सुरू झाला. कोरडा, हट्टी. जिना चढताना मध्येच थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचत उभे राहायचे — जणू शेजारी कालच राहायला आलेत. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

तपासण्या झाल्या. फुप्फुसांना सूज होती, आत व्रण पडून फुप्फुसंच घट्ट होत चालली होती. अप्पा बाहेर बसले असताना मी डॉक्टरांना विचारलं, खाण्यापिण्याने काही होईल का? आवळा, पेरू, पालेभाज्या, जवस, अक्रोड — यांतली सत्त्वं फुप्फुसांना सुजेपासून जपत असावीत, असं मी कुठे कुठे वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अच्छी चीज़ें हैं, ज़रूर खिलाइए, सूजन में शायद थोड़ी मदद हो. पर जो हिस्सा सख़्त हो गया, वो खाने से नरम नहीं होगा. वज़न गिर रहा है, जो मन करे खाने दीजिए."

मी बाहेर आले. अप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आणि मी — काय बोलून गेले मी? म्हणाले, "अप्पा, पथ्य सांगितलंय. कडक पाळलंत तर फुप्फुसं पहिल्यासारखी होतील."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की खरं सांगायची वेळ तिथेच निघून गेली. निघून गेली, की मी जाऊ दिली?

आता पथ्य म्हटलं की ते दिसायला हवं. मी गोड बंद केलं, तळलेलं बंद केलं. सकाळी आवळ्याचा रस, जेवणात मेथी, पालक, जवसाची चटणी. रस पिऊन अप्पा तोंड वाकडं करायचे. "अगं, फेफडे पण म्हणत असतील, अब बस कर बाई!" गच्चीवर ऊन असायचं, मी अक्रोड फोडायची, ते पेपर मोठ्याने वाचायचे आणि दम लागला की बातमी अर्ध्यावर सोडायचे. त्या सकाळी मला अजून हव्याशा वाटतात — खोट्यावर उभ्या होत्या, तरी.

कुणाकडे पूजा असली की अप्पा प्रसाद कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवायचे. ज्या माणसाला काहीही खायची मोकळीक होती, त्याच्या वाटचा शिरा मी त्याच्यासमोर बसून खाल्ला. घशाखाली उतरला कसा?

पुढे घरीच ऑक्सिजन लावावा लागला. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. थांबत थांबत म्हणाले, "बेटा, रागावू नको. शेजारच्या सत्यनारायणाला तू आत बायकांत होतीस ना — मी शिरा खाल्ला. दोन घास. प्रसाद होता, मना नाही करता आलं. त्यानेच बिघडलं सगळं. तुझी मेहनत पाण्यात गेली."

एक वाक्य पुरलं असतं. शिऱ्याने काही झालं नाही अप्पा, मी खोटं बोलले होते — एवढंच. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शिक्षेची वाट बघतात तसे.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या अप्पा. मी माफ केलं."