चिखलअक्काचा गणपती

चिखलअक्काच्या नखांतली माती सणावारीही निघत नसे. कुणी त्यावरून बोललं, की हात लपवायचे सोडून ती ते पुढे करायची. "बघा, नीट बघा. चोरी न्हाई केली मी." नात्याने ती माझी आत्या, नाव गंगू. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हा पोरांचीही ती अक्काच. 'चिखल' हे घरातल्या बायकांनी वैतागून जोडलेलं. तिने ते मिरवलं.

ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी, गुंद गावाला, परत आली. विधवा म्हणून देवघराचा उंबरा तिला बंद झाला. माझे डोळे मी अगदी लहान असताना देवीच्या साथीत गेले. त्यामुळे सण म्हणजे माझ्यासाठी फक्त ओरडा. हात लावू नको, सांडशील, तिकडं सर. सरकत सरकत मी मागच्या पडवीत पोचायचे, आणि तिथे अक्का आधीच बसलेली असायची.

त्या पडवीत तिने आमच्यासाठी सण मांडायला सुरुवात केली. पंचमीला वारुळाची माती भिजवून प्रत्येकाच्या तळहातावर एक गोळा. दिवाळीला नव्या भाताने भरलेली मोठी टोपली. त्यात कोपरापर्यंत हात घालून सुपाऱ्या, शिंपले, चिंचोके शोधायचे. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, पळसाची फुलं घातलेलं कोमट पाणी, आणि आमचे पाय त्यात. घरातली, शेजारची सगळी चिल्लीपिल्ली जमायची. खेळ सुरू होण्याआधी अक्का हुकूम सोडायची, "डोळं मिटा सगळ्यांनी!" मग मी आणि बाकीची पोरं एकाच अंधारात असायचो, आणि त्या अंधारात माझा हात सगळ्यांत आधी सुपारीवर पडायचा.

"सण काय बघायचा असतोय व्हय?" ती म्हणायची. "सण अंगाला लागाय पाहिजे."

घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकांचा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर ते स्वतः माटोळी बांधत. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, महाळुंग, तवशी आणि रानातली फळं टांगलेली. आम्हा पोरांना त्यांचा नुसता वास मिळायचा. एका वर्षी अक्काने पडवीत बुटकी माटोळी बांधली, माझ्या नाकाला फळं लागतील इतकी खाली. मी महाळुंगाची खरबरीत साल चाचपत होते, तेवढ्यात काका आले आणि कोयत्याने सगळं खाली पाडलं.

"विधवेनं माटोळी बांधायची? घराला काय लागलं म्हंजे?"

अक्का फळं वेचत म्हणाली, "तुमची माटोळी देवाला. ही पोरास्नी. देव भांडत न्हाई, तुम्हीच भांडताय."

पुढच्या चवथीला तिने माटोळी बांधली नाही. त्याआधीच ती मला ओढ्यावर घेऊन गेली आणि गुडघाभर चिखलात उभं केलं. "चिकट लागंल तीच माती घे. खडा लागला तर टाक." घरी आणून आम्ही ती तुडवली, कापसाबरोबर कुटली. सोंड मी केली, पोट मी केलं. अक्काने बोट लावलं नाही. नुसती शेजारी बसून बघत राहिली. एक कान मोठा झाला तेव्हा म्हणाली, "असू दे. तुझं ऐकंल चांगलं."

पोरांनी त्या गणपतीपुढे दूर्वा वाहिल्या, टाळ्या वाजवून आरती म्हटली. विसर्जनाच्या दिवशी घरचा गणपती ढोल वाजवत निघाला. त्याच्या मागून अक्का निघाली, तिच्या पदराला धरून पोरं, आणि आमचा गणपती माझ्या डोक्यावर. काकांनी ढोल थांबवला.

"आंधळीच्या डोक्यावर देव? पाडंल की ती!"

"तिच्या हातनं झालाय, तिच्याच हातनं जाईल."

"मागं फीर, गंगू. न्हाईतर आजपासनं या घरात तुझं पान मांडणार न्हाई."

"नका मांडू," अक्का म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून हळू बोलली, "चल गे. वाट तुला ठाऊक हाय."

मी चालले. दगड पायांना ओळखीचे होते. ओढ्यात उतरून मी देव पाण्यात सोडला आणि बोटांखाली त्याची माती विरघळेपर्यंत हात काढला नाही.

काकांनी शब्द पाळला. अक्काने गोठ्यालगत वेगळी चूल घातली, दुसऱ्यांच्या शेतावर राबून पोट भरलं, पण सण एकही सोडला नाही. पोरांना बंदी झाली होती, तरी येणारी येत होती. माझी आई कधी आली नाही. काकांपुढे तिचा आवाज फुटत नसे. अक्काविषयी तिने बरं म्हटलं नाही, वाईटही नाही.

हिंवतापाने अक्का गेली, ती पावसाळ्याच्या तोंडाशी. शेवटी मी तिचा हात धरून बसले होते. "रडून दाखवू नको त्यांस्नी," एवढंच ती म्हणाली.

त्या वर्षी चवथीच्या आधी मी एकटीच ओढ्यावर गेले. चिखलात हात घातला, पण चिकट माती कुठली, खडे कुठले, काही कळेना. मागे पाण्यात कुणी उतरल्याचा आवाज झाला. बांगड्या वाजल्या. लुगडं वर खोचल्याची सळसळ झाली आणि आई माझ्याशेजारी चिखलात बसली.

"घरात विचारतील," मी म्हणाले.

"विचारू देत," आई म्हणाली. "सरक जरा. कुठली माती घ्यायची ते सांग मला."