आरशात पाहून काढलेला मनोरा

घरातल्या थोरल्या लेकीने एखादी गोष्ट मनावर घेतली की ब्रह्मदेव आला तरी ती ऐकायची नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईने चित्र कोरायचं, तेजाबात बुडवून रेघा खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर छापायचं; हे बाईमाणसाचं काम नव्हे असं सांगून सांगून काका दमले. ती दमली नाही.

वडील पाथरवट. नदीकाठच्या गॉथिक कॅथेड्रलचा डावीकडचा बुटका मनोरा त्यांच्या हातचा. दगडाच्या भुकटीने डोळे अधू होत चालले, तेव्हा त्यांनी लेकीपाशी एकच मागणं केलं: दिसतंय तोवर माझा मनोरा चित्रात दाखव.

ती पैलतीरावर बसली आणि दिसलं तसं थेट पत्र्यावर उतरवलं. छाप उलटा उठतो, हे रोजचंच घाईत विसरली. कागदावर बुटका मनोरा उजवीकडे गेला. वडिलांनी कागद नाकाशी धरला.

"काम छान आहे," ते म्हणाले, "पण हे माझं नव्हे."

तिला रडू कोसळलं. चूक कशी झाली ते तिने त्यांना समजावून सांगितलं. कुणाला कळणार आहे, असं नवरा म्हणाला, तर ज्यांना कळायला हवं त्यांना कळलं, असं तिने सुनावलं.

दुसऱ्या दिवशी ती कॅथेड्रलकडे पाठ करून बसली. समोर सगळं उलटं दाखवणारा आरसा, मांडीवर नवा पत्रा. बाई देवळावर रुसली वाटतं, म्हणून नावाडी हसले. हसणाऱ्यांचे दात दिसतात, म्हणत ती आरशात पाहून रेघा ओढत राहिली. थंडीत बोटं आखडली, तरी एक दिवस चुकवला नाही.

चित्र पुरं व्हायच्या आतच वडिलांची नजर पूर्ण गेली. आता कशाला जीव आटवतेस, असं नवरा हळूच म्हणाला. तिने पत्रा नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ तेजाबात ठेवला. रेघा बोटाला लागतील इतक्या खोल गेल्या.

मग छाप काढायच्या आधी तिने तो पत्रा वडिलांच्या मांडीवर ठेवला. त्यांची राठ बोटं चाचपत फिरली आणि थांबली.

"उजवीकडे लागतोय," ते म्हणाले.

ती त्यांच्याजवळ सरकली.

"म्हणजे कागदावर डावीकडे येईल. आता जागेवर बसला, पोरी."

छपाईसाठी पत्रा परत मागितला, तर त्यांनी तो बराच वेळ हातातून सोडला नाही.