कोरमकाका

सभेला सात माणसं जमेपर्यंत कोरमकाका खुर्चीवर बसायचे नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहायचे आणि जिन्यावर पावलं वाजली की एकेक बोट दुमडायचे. वऱ्हाडातल्या छोट्या साप्ताहिकांच्या नि मासिकांच्या संपादकांचा आमचा संघ. कार्यकारिणीत आम्ही अकरा, आणि सातांचा कोरम भरल्याशिवाय सभा कायदेशीर नाही. काका सरचिटणीस होते. त्यांचं खरं नाव पत्रव्यवहारापुरतंच उरलं होतं.

राहायला ते अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि सभा अमरावतीत, एका छापखान्याच्या माडीवर. आधीच्या आठवड्यात सगळ्यांना त्यांचे फोन जायचे आणि कुणाच्याही सबबीला ते दाद द्यायचे नाहीत. धामणगावचे एक सदस्य कापसाच्या हंगामात हमखास गायब व्हायचे. एकदा काका सकाळीच त्यांच्या अडतीच्या दुकानात जाऊन बसले, एक अक्षर न बोलता बसूनच राहिले. दुपारी दोघं एकाच एसटीतून अमरावतीला उतरले, तोंडं दोन दिशांना करून.

मतदान आटोपेस्तोवर आलुबोंडे वाढायचे नाहीत, हा नियम त्यांचाच. ‘आलुबोंडा खाल्ला का मेंबर पसार होते,’ म्हणायचे. बऱ्याच संस्थांत माणसं कमी पडली की सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग असतील तेवढ्यांतच उरकून घेतात. ही पळवाट काकांनी भांडभांडून आमच्या घटनेतून काढायला लावली होती. विरोधात मत देणाऱ्यालाही तुम्ही एवढ्या आग्रहाने का बोलावता, असं मी नवी असताना त्यांना विचारलं होतं. ‘पोरी, तोंडावर विरोध करनारा मानूस परवडते,’ ते म्हणाले. ‘घरी बसून मान हलवनाऱ्याचं काय करशीन?’

पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आज डायलिसिस आणि उद्या एसटीचा प्रवास, असं त्यांचं चालू झालं. हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. तरी दारात उभेच.

त्याच सुमारास पातूरचं प्रकरण आलं. तिथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाने शाळेच्या नव्या इमारतीचे फोटो छापले होते. वर्गाच्या स्लॅबला भेगा, आणि त्याखाली बसलेली पोरं. कंत्राटदाराने त्याच्यावर खंडणीची तक्रार ठोकली आणि आमच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्षांच्या साप्ताहिकाचं शेवटचं पान त्या कंत्राटदाराच्या जाहिरातीवर चालायचं. त्यामुळे आचारसंहिता मोडली म्हणून पातूरकराचं सदस्यत्व रद्द करावं, असा विषय सभेपुढे आला. ‘एकडाव संघानं म्हटलं का हा संपादक नाई, मंग तो निस्ता आरोपी उरते,’ काका मला म्हणाले. तरीही त्यांनी सगळ्यांना फोन केले, अध्यक्षांच्या माणसांनासुद्धा.

सभेला मोजून सातजण आले. बाकीच्यांना भीती वाटली असावी. काका तासभर भांडले. पातूरकराचं म्हणणं ऐकून तरी घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. कुणी त्यांच्याकडे बघेना. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं तेव्हा पाच हात वर जाणार हे स्पष्ट दिसत होतं. काकांनी पिशवी उचलली आणि ते उभे राहिले.

‘अध्यक्षसाहेब, मी जाऊन राहिलो. सभेत आता सहाच उरले.’

‘काका, तुम्ही कोरम मोडता?’ अध्यक्षांना ते खरंच वाटेना.

‘जनमभर जोडला. आज मोडून राहिलो.’

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले. बसस्टँडवर ते बाकड्यावर बसले. मला त्यांचा अभिमान वाटत होता, तसं मी बोलूनही दाखवलं, पण ते त्यांना आवडलं नाही. ‘चोरावानी उठून आलो, बाई,’ म्हणाले. मग अकोल्याची गाडी लागली आणि ते हात धरू न देता चढले.

पुढची सभा महिन्याभराने झाली. तोवर काका गेले होते. नऊजण आले होते. पहिला विषय काकांचा शोकप्रस्ताव. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. अध्यक्षांचे डोळे ओले झाले होते, ते नाटक नव्हतं. बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि दुसरा विषय वाचला. विरोधात माझा एकटीचा हात. मी उठून गेले असते तरी आठ उरत होते. पातूरकराचं सदस्यत्व रद्द झालं आणि आलुबोंडे आले. मी माझा तसाच ठेवला. त्या खोलीची मला किळस आली.

संध्याकाळी मी पातूरकराला फोन लावला. हे असंच होणार, हे त्याला ठाऊक होतं. सभा मोडली त्या दिवशी काका बसमधूनच त्याच्याशी बोलले होते म्हणे. ‘तुले महिना भेटला. पुढच्या सभेले मी असीन का नाई, मले मालूम नाई. जे छापाचं ते आताच छाप.’ त्याने लागोपाठ अंक काढले, स्लॅबचे फोटो दर अंकात पहिल्या पानावर. मग छापखानेवाल्याने घाबरून नकार दिला आणि साप्ताहिक बंद पडलं. पोलिसांनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं.

‘काका गेले, पेपर गेला,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘पन ताई, पोरायले आता त्या खोलीत बसवत नाईत. बाहेर झाडाखाली बसवून राहिले.’