तिच्या लोकायले सांगायचं राहून गेलं

त्या सांजेले आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. मधात टोपलं, तिच्या बाजूले दाण्यायसाठी गंज, म्हणजे पातेलं. मी सोलत कमी होतो अन् खात जास्त. ती म्हणे, "भाजीले काही ठेवसान का नाही? का टरफलायची भाजी करू?" मी म्हणलं, "कर. तुह्या हातची टरफलं बी चालतात." तिनं मूठभर टरफलं माह्या अंगावर फेकली. मग फोन काढून गंजाचा फोटो घेतला. फोटोत माहा अंगठा आला. मी म्हणलं पुन्हा काढ, तर म्हणे, "राहू द्या. लोकायले समजू द्या कोण खाते ते." अन् खाली एका बोटानं लिहून टाकलं, "आज तुरीचे सोले सोलले. घरच्यांनी अर्धे सोलता सोलताच संपवले."

घरचे म्हणजे मी. चाळीस वर्षं झाली, तिनं माहं नाव तोंडातून काढलं नाही. फोनमध्येही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीजवळ पाणी भरता भरता ती खाली बसली. बसली ते उठलीच नाही. पुसदच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणे छातीचा झटका, पण मी वाटेतच समजलो होतो. तिचा हात माह्या हातात होता अन् तो हात काही धरून राह्यला नव्हता.

आता हे फोनचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पुसदले एक रिटायर मास्तर आहेत. बचत गटाच्या मेळाव्यात त्यांनी बायायले एक गोष्ट शिकवली. म्हणे फोनवरचे हे मोठे मोठे बाजार एकेका मालकाचे असतात. तो ठरवते काय दाखवायचं अन् काय नाही. त्यापेक्षा आपण आपलं लहान घर बांधू. त्याले सर्व्हर म्हणतात. मास्तरच्या घरी एक डबा होता, पंख्यासारखा आवाज करणारा, त्यात दोन-अडीचशे लोक राहत. अशी घरं जगभर हजारो हायेत, म्हणे. याच्या घरातला माणूस त्याच्या घरातल्या माणसाशी बोलू शकते. जशी आपली सोयरीक पुसदले बी होते अन् उमरखेडले बी होते, तसं.

ती सातवी शिकलेली, मी दुसरीत शाळा सोडलेला. तिले ते जमलं. रोज सांजेले काही ना काही लिहायची. भाजीचं, बकरीचं, माहं. नवीन नवीन असताना मले म्हणे, "तुम्ही बी काढा ना खातं. मास्तर काढून देतील." मी म्हणलं, "एका घरात दोन चुली कायले? तू लिहिते ते बस झालं." ती नुसती हसली. दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

तेरवीले आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू दान करतात. पलंग, गादी, छत्री, चपला, तांब्या. माणसाले तिकडं लागतात म्हणून. मी सगळं मांडलं अन् त्यात तिचा फोनही ठेवला. दिवसभर तिच्या हातात तोच राहायचा. छत्री तर तिनं कधी उघडलीही नसल. पोरगी अमरावतीहून आलेली, ते सगळं आटपल्यावर तिच्या ध्यानात आलं. ओरडली माह्यावर, "बाबा, फोन कायले दिला? आईचं सगळं त्यात होतं!" मी म्हणलं, "मग तिचं तिच्यापाशी गेलं." तवर ज्याइले दान दिलं त्यांनी दुकानातून फोनमधलं सगळं पुसून घेतलं होतं. पोरगी रडली. मले तेव्हा समजलंही नाही ती नेमकी कायले रडते.

महिना-दीड महिना गेला. एक दिवस माह्या बटनाच्या फोनवर मास्तरचा फोन आला. तिनं कधीतरी माहा नंबर देऊन ठेवलेला.

"वहिनी हायेत का? जरा द्या."

मी म्हणलं, "नाही."

"कुठं गेल्या?"

"गेली ती, मास्तर."

"कवा येतील?"

मी म्हणलं, "वारली. तुरीच्या शेंगा निघाल्या तवा."

मास्तर बारीक आवाजात म्हणे, "अन् आम्ही तिथं त्यांची वाट पाहून राह्यलो. रोज कोणी ना कोणी विचारते, मावशी कुठं हाय, मावशी लिहीत काहून नाही."

तवा मले लागलं. मयताचा निरोप आम्ही माणूस धाडून देतो. गावोगाव माणूस जाते. मी तिच्या माहेरी धाडला, पोरीच्या सासरी धाडला, जिच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्या चुलत बहिणीकडंही धाडला. पण जे लोक रोज तिच्याशी बोलत, ते राहूनच गेले. ते मले लोकच वाटले नव्हते.

मास्तरनं फोन केला होता तो वेगळ्याच कामासाठी. त्याइच्या डोळ्यायचं ऑपरेशन झालं होतं, डबा सांभाळणं होत नव्हतं. रविवारी कायमचा बंद करून राह्यले होते. सगळ्यायले दुसऱ्या घरी जायचं होतं. ते म्हणे, "तुम्ही या. वहिनीचं काय करायचं ते पाहू."

पोरीनं माह्यासाठी तिचा जुना फोन धाडला होता. तो घेऊन शुक्रवारी पुसदले गेलतो. मास्तरच्या घरी कपाटाच्या वर तो डबा होता. निळा दिवा लुकलुकत होता. मी म्हणलं, "ह्याच्यात हाय?" मास्तर म्हणे, "हो." मी वर पाहत राह्यलो. हात लावावा वाटला, पण लाज वाटली.

मास्तरनं समजावलं. म्हणे, "घर बदललं का माणसं मागून येतात. पण लिहिलेलं येत नाही. ते जुन्या घरातच राहते."

मी म्हणलं, "हे उलटं हाय. माहं उलटं करा. माणसं राहू द्या, लिहिलेलं आणा."

"ते नाही होत हो भाऊ."

"मग मले तुमचं नवं घर नाही पाहिजे."

मास्तर चिडले नाहीत. उठले अन् तिनं सगळ्यायसाठी लिहिलेलं होतं ते छापायले लावलं. यंत्रातून कागद निघत राह्यले. बकरी व्याली. वांगे किडले. घरचे आज रुसले, कारण वरणात मीठ नव्हतं. मी एकेक कागद हातात घेत होतो. मोठ्यानं वाचत होतो, कारण मले मनातल्या मनात वाचता येत नाही. मास्तरची बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राह्यली अन् पदर डोळ्याले लावला.

मग मास्तर म्हणे, "आता तुमचं खातं काढतो. निरोप तर द्यावा लागल."

नवं घर सांगलीकडची कोणी बाई चालवते. ती कोणालेही आत घेत नाही. आधी विचारते, इथं काहून यायचं हाय. मास्तर म्हणे, सांगा, मी लिहितो. मी म्हणलं, नाही, मी लिहितो. अर्धा तास लागला. लिहिलं: बायको होती जुन्या घरी. वारली. तिच्या लोकायले सांगायचं राहून गेलं.

चहा पिऊन होत नाही तर उत्तर आलं. त्या बाईनं एवढंच लिहिलं होतं, "या बाबा."

आत गेलो तर सगळं रिकामं. नव्या गावात उतरल्यावर एसटी स्टँडवर वाटते तसं. मास्तरनं तिची माणसं शोधून दिली, जी आधीच तिकडं आली होती. मी तेच पुन्हा लिहिलं, ती कोण, मी कोण, कधी गेली. अन् मग उत्तरं यायले लागली. मास्तर फोन डोळ्यापाशी धरून वाचून दाखवत होते. कोणी नाशिकचं, कोणी पार दुबईचं. एकीनं लिहिलं, मावशीनं सांगितलेलं लोणचं अजून बरणीत हाय. मी म्हणलं, "हे वाचू नका." मग म्हणलं, "वाचा."

मग एका बाईचं आलं. महागावच्या पलीकडच्या तांड्यावरची. माह्या बायकोले ती याडी म्हणायची, त्याइच्या बंजाऱ्यायच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई.

"आमाले काहून नाही सांगितलं? तेरवीले आलो असतो. बसायले आलो असतो. याडी गेली अन् आमाले पत्ता नाही, हे काय झालं बाबा?"

मी मास्तरच्या हातातून फोन घेतला अन् स्वतः लिहिलं, "चुकलं. फोन दान केला. मले माहीत नव्हतं."

थोड्या वेळानं तिचं आलं, "छातीचंच झालं का?"

मी मास्तरकडं पाह्यलं. मी छातीचं कोणालेच लिहिलं नव्हतं.

"तुमाले कसं माहीत?"

मग आलं. मास्तर वाचता वाचता अडखळले, तरी त्यांनी वाचलं.

"याडीनं लिहिलं होतं. बंद करून, फक्त आमच्यासाठी. आठ दिवसापासून छातीत कळ येते म्हणे. आमी पाच-सहाजणींनी म्हणलं पुसदले जा. ती म्हणे वेचणी होऊ द्या. घरचे आधीच कापसाच्या बायांसाठी वणवण करून राह्यले, त्याइले काही सांगत नाही."

वेचणीचं खरं होतं. यंदा कापूस वेचायले बाया मिळत नव्हत्या. मी रोज सांजेले घरी येऊन त्याच एका गोष्टीवर चिडत होतो. आज तिघीच आल्या, आज दोघीच आल्या, पाऊस आला तर सगळं काळं होईल. तिच्यावर नव्हतो चिडत. पण ऐकणारी तीच होती. जेवताना ती म्हणायची, "होईल सगळं, जेवा." अन् छातीत कळ येत होती.

माह्या बाजूच्या खाटेवर झोपत होती ती. हात लांबवला असता तर पोचला असता.

मले राग आला. लिहिलं, "तुमी पाच-सहाजणी होत्या. एकीनं तरी मले सांगायचं."

तिचं लगेच आलं. "कसं सांगणार होतो बाबा? तुमचं तिथं खातंच नव्हतं."

मी फोन खाली ठेवला. मास्तरनं पाणी आणून दिलं. मी प्यायलो नाही.

मग मास्तर खुर्ची जवळ ओढून बसले अन् हळू म्हणे, "भाऊ, डबा माह्या घरचा हाय. मी कोणाचं बंद लिहिलेलं आजवर वाचलं नाही. पण उघडता येते. म्हणान तर आता उघडून देतो. रविवारनंतर मग ते कोणालेच मिळणार नाही. तुमी तिचे घरधनी. तुमी सांगा."

खरं सांगतो, माह्या तोंडात "उघडा" होतं. तिनं शेवटचे आठ दिवस काय काय लिहिलं, ते त्या कपाटावर, माह्या डोक्याच्या हातभर वर होतं. कळ कुठून निघत होती, कवा निघत होती. सोले सोलत होतो त्या सांजेले होती का. टरफलं फेकली तवा होती का.

पण तिनं दार लावून लिहिलं होतं. माह्यापासून लावलं होतं. मले वाटलं, आपण तिले सांगण्यासारखी जागा ठेवली नाही, म्हणून ती दुसऱ्यायच्या ओसरीत जाऊन रडली. आता ती नाही, तर मी कुलूप तोडून आत घुसू? जिती होती तवा विचारलं नाही, तुले काय होते. एकदा नाही विचारलं. ते विचारायले तर कोणतं खातं लागत नव्हतं.

मी म्हणलं, "राहू द्या मास्तर. बंद करा."

"पक्कं?"

"पक्कं. फिरून विचारू नका, नाहीतर मी हो म्हणीन."

मास्तरनं नाही विचारलं. निघताना मी त्या तांड्यावरच्या बाईले लिहिलं, "तुमचा दोष नाही. माहा हाय. उद्या येतो, बसायले." ती म्हणे, "या बाबा. फाट्यावर उतरा, कोणालेही विचारा."

बसायले जाणं म्हणजे ज्याच्या घरी दुःख त्याच्या घरी लोक जातात. इथं माह्याच घरी दुःख अन् मीच चाललो होतो. बरोबर का चूक, कोणाले विचारणार. जी असं काही सांगायची तीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत पायीच गेलो. दोन्हीकडं कापसाच्या पऱ्हाटीत बोंडं फुटून लोंबत होती, वेचायले कोणी नव्हतं. ती बाई अंगणातच उभी होती, वयानं माह्या पोरीएवढी असल. फोटोत पाहिलेलीही नव्हती, पण ती मले पाहून पुढं आली अन् मी ओळखलं. तिनं घोंगडी टाकली. मी बसलो. कसं विचारावं ते मी गाडीत ठरवून आलो होतो, तुले जेवढं सांगू वाटते तेवढंच सांग म्हणून.

पण तिनं पदर तोंडावर घेतला अन् रडायलेच लागली. त्याइच्या बायका रडतात तसं, लांब आवाजात, गेलेल्या माणसाले बोलत बोलत. शेजारच्या दोघीतिघी आल्या अन् तिच्याजवळ बसून त्याही रडायले लागल्या, ज्यांनी माह्या बायकोले कधी पाह्यलंही नव्हतं. सगळं गोर बोलीत होतं. मले त्यातलं याडी एवढंच समजलं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली अन् त्याइचं होईपर्यंत तिथं बसलो. काही विचारलं नाही.