लगीनगड्याच्या घरातली हळद

सातवीत असताना आश्रमशाळेतल्या सरांनी आम्हाला गुलामांच्या व्यापाराचा धडा शिकवला. माणसं पकडायची, साखळ्या घालायच्या, जहाजात कोंबायची आणि समुद्रापलीकडे नेऊन विकायची. सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं माझ्या वडिलांना सांगितलं. आम्ही त्यांना बा म्हणतो, अरे-तुरेच करतो. बा अंगणात टोपली विणत बसला होता. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांची लग्नं कोन लावायचा गो?"

माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावरच असायचा. "माणसं मरत होती आणि तुला लग्नाचं पडलंय!" असं म्हणून मी फणकारले. बा पुन्हा टोपली विणू लागला. त्याचा प्रश्न माझ्या धड्यापेक्षा मोठा होता, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

आमचा पाडा वैशाखरे गावाहून आत, डोंगराच्या अंगाला. माझा आजोबा लगीनगडी होता. आता हा शब्द आमच्याच पोरांना समजावून सांगावा लागतो, आणि मला त्याचा आनंदच आहे. लग्नाला पैसा नसला की गडी शेठकडे जायचा. शेठ भात द्यायचा, लुगडं द्यायचा, दारू द्यायचा, "काळजी करू नको, लग्नाचं मी बघतो" म्हणायचा. त्या बदल्यात तो माणूस जन्मभर शेठचा. बायको शेठच्या घरी शेण काढणार, पोरं शेठच्या म्हशी वळणार. बा पाच वर्षांचा असल्यापासून म्हशींमागे होता. साखळी कोणी घातली नव्हती, पण पळून जायला जागाही नव्हती.

वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला तेव्हा बा विशीत होता. तो शेठच्या वाड्यातून निघाला तो परत गेला नाही. पण त्याने एक गाठ मनाशी बांधली, की आपण लग्नच करायचं नाही. पुढे आये, म्हणजे माझी आई, त्याच्या घरी राहायला आली, आम्ही दोन भावंडं झालो, झोपडीचं घर झालं, वनपट्ट्याची जमीन नावावर झाली. लग्न मात्र नाही. आमच्यात यात लाजेचं काही नसतं. आधी संसार, मग ऐपत आली की लग्न, अशी कितीतरी जोडपी असतात. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आईबापांचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं मांडवात लावत नाहीत. आणि जिला स्वतःला हळद लागली नाही, तिने दुसऱ्याला लावायची नाही.

माझ्या धाकट्या भावाने कोर्टात लग्न करून हा पेच चुकवला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, सापगावच्या पुढच्या एका मुलाशी माझं जमलं, आणि मीही कोर्टातच करणार होते. पण आये तोंड फिरवून म्हणाली, "तुज्या अंगाला हळद लावायची मना लई हौस होती." आयेने आयुष्यात कसली हौस बोलून दाखवली नव्हती. मी तिथल्या तिथे ठरवलं, मांडवच घालायचा, आणि आधी या दोघांचं लावायचं.

बा हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसता बिडी ओढायचा. त्यातच माझे होणारे सासरे जीप घेऊन आले. त्यांना दोन लग्नांचं कळलं होतं. त्यांनी तांदळाचं पोतं उतरवलं, आयेला लुगडं दिलं आणि मोठ्या मायेने म्हणाले, "तुमी काळजी करू नका, दोनी लग्नांचं आमी बघतो."

बा उठला. सत्तरीला आलेला माणूस, पण पोतं पाठीवर घेतलं आणि जीपमध्ये नेऊन टाकलं. लुगडं त्यावर ठेवलं. "पोरगी देनार नाय," म्हणाला आणि रानाकडे चालू लागला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. जीप गेली. संध्याकाळी बा परत आला तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, शेठ मेला, शेठचा वाडा पडला, तू मात्र अजून त्याच्याच दारात उभा आहेस. आज याद आली की जीभ चावते.

आये चुलीपुढून म्हणाली, "तिला बोलू दे. मी कोनाची गडी नाय झाले, ते तुज्यामुलं. पन चालीस वर्सं पाड्यातल्या समद्या लग्नात मी मांडवामागं भांडी घासली. हळदीला मना कोन बोलावनार?"

बा तिच्याकडे बघतच राहिला. एवढा हुशार माणूस, पण हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग तो बोलला. आजोबाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच शेठचा माणूस मांडवात आला होता. आमच्यात हळदीचं अंग पाच दिवस कामाला लावत नाहीत. आजोबाने हात जोडून तेवढे पाच दिवस मागितले. माणूस म्हणाला, लगीन शेठचं, हळद शेठची, अंगही शेठचंच. आजोबा पिवळ्या अंगाने नांगरामागे गेला आणि आजी एकटी मांडवात बसून राहिली. "माजी आये ह्ये सांगायची," बा म्हणाला. "म्हनून मना हळद नको वाटं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक सासऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमचा म्हातारा पन गडीच व्हता गो. पगार घरात आला तसं आमी इसरलो." लगेचच्या रविवारी ते एकटेच, एसटीने, रिकाम्या हाताने आमच्या दारात आले. बाला म्हणाले, "भूक लागलीय. जेवायला घाल."

बाने आमच्या पट्ट्यातल्या तांदळाचा भात त्यांना वाढला. एक वाढी झाली, दुसरी झाली, तिसरीला बा हसला. लग्न ठरलं.

वर्षभर थांबलो, कारण बाचा हट्ट की मांडवात शिजेल तो दाणा आपल्याच जमिनीतला. त्या पावसात त्याने रोपं अशी लावली, जणू परीक्षेचा पेपरच लिहितोय. वैशाखात मांडव उभा राहिला. जेवायला भात आणि उडदाची आमटी, बस्स. बुंदी नाही म्हणून सासरची काही मंडळी कुरकुरली. कुरकुरोत बापडी, ताटात कोणी शीत टाकलं नाही.

सकाळी आईबापाचं लग्न, संध्याकाळी माझं. आमच्यात भटजी नसतो, धवळेरी असते. ती गाणी म्हणून लग्न लावते. आमची धवळेरी बाहून म्हातारी. बा पाटावर अवघडून बसलेला बघून म्हणाली, "ताठ बस रं. ह्या वयात तुला कोन इकत घेनार? बोकडाला बी जास्ती भाव येल." मांडव हसला, बाही हसला. आयेला हळद लागली. मग तिच्या ओल्या पिवळ्या हातांनी तिने माझ्या गालाला हळद लावली आणि मी, बोलभांड बाई, हमसून रडले. इतकी सुखी मी कधी झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मांडवपरतणीला माहेरी आले. बा अंगणात बाजेवर पिवळाधमक बसला होता, काही न करता. शेजारची पोरं त्याला बघायला येत होती. एवढ्यात फोन वाजला. मुरबाडच्या रस्त्याला एक फार्महाऊस आहे, तिथे बा रोजंदारीवर आंब्याच्या कलमांना पाणी घालायला जातो. फोन मालकाचा होता. मी स्पीकर लावून दिला.

"आजोबा, उद्या या बरं का. कलमं सुकायला लागलीत."

बाने आयेकडे बघितलं. घसा खाकरला.

"नाय येनार," तो म्हणाला. "हळद हाय अंगावर. पाच दिवस कामाला नाय येनार."

"कोणाचं लग्न?"

"आमचंच."

मालक हसले. "बरं बरं. सोमवारी या मग." फोन बंद झाला.

बा फोनकडे बघत राहिला. आयेने विचारलं, "वरडला का?"

"नाय." मग तो माझ्याकडे वळला. "मी नाय येनार म्हनलो, तर त्यो बरं म्हनला."

"ऐकलं ना मी, बा."

"नुसतं बरं म्हनला गो," बा म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "येवढंच असतं का? माजा बा ह्ये न ऐकताच गेला."